घरची अडचण वर्गात दिसू लागते तेव्हा शाळेनं नेमकं काय करायचं?

प्रश्न एका वर्गशिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: सातवीतला एक मुलगा, आतापर्यंत शांत, अभ्यासात बरा. गेल्या दोन-तीन महिन्यांत पार बदललाय. वह्या अपुऱ्या, पहिल्या तासाला डुलक्या, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या. वडिलांची नोकरी गेलीय आणि घरात रोज भांडणं होतात, असं दुसऱ्या एका पालकांकडून कानावर आलं. आईला शाळेत बोलावलं तर ‘घरी सगळं ठीक आहे’ एवढं बोलून ती दहा मिनिटांत उठून गेली. ‘मी घरच्या गोष्टीत कितपत पडायचं? अभ्यासात सूट दिली तर बाकीची मुलं बोलणार, नाही दिली तर हा आणखी मागे पडणार. करू काय?’

शाळेत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करतेय, आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहतो. कुठे आजारपण असतं, कुठे मृत्यू, कुठे आई-वडील वेगळे होत असतात, कुठे कर्ज, कुठे दारू. कारण बदलतं, शिक्षकाची कोंडी तीच असते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी मुद्द्याचं. घरचा प्रश्न सोडवणं हे तुमचं काम नाही, आणि ते तुम्हाला जमणारही नाही. गेलेली नोकरी तुम्ही परत आणू शकत नाही, नवरा-बायकोतलं भांडण मिटवू शकत नाही. तुमच्या हातात आहे तो शाळेतला काही तासांचा दिवस. तो त्या मुलाला ठरल्याप्रमाणे मिळाला पाहिजे. तीच माणसं, तोच क्रम, त्याच मर्यादा, आणि सध्या झेपेल एवढं काम. घर डळमळीत झालेल्या मुलाबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. आजचं जे ठरलंय ते उद्याही तसंच असेल, हा भरवसा मात्र त्याला कुणी देत नाही. तो शाळा देऊ शकते. पुढे जे सांगतेय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आता त्या डुलक्या आणि अपुऱ्या वह्यांबद्दल. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेच्या तज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलंय. ज्या घरात रात्री अकरानंतर आवाज चढतात तिथलं मूल पांघरूण डोक्यावर घेऊन कानोसा घेत पडून असतं. दार आपटलं का, कोण बाहेर गेलं, आई रडतेय का. सकाळी ते शाळेत येतं तेव्हा त्याची अर्धीमुर्धी झोप झालेली असते, आणि कानोसा घेण्याची सवय वर्गातही सुटत नाही. बाक सरकल्याचा आवाज झाला तरी मान वळते. सततच्या ताणाचा पहिला फटका बसतो तो काम करताना चार गोष्टी एकदम डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेला. हातचा एक विसरतो, फळ्यावरची ओळ वहीत अर्धीच उतरते, तीन सूचना दिल्या तर पहिलीच लक्षात राहते. बाहेरून हे हुबेहूब आळसासारखं दिसतं. ‘लक्षच देत नाही’ हा शेरा अशा वेळी खरा असतो, पण त्याचा उपयोग काहीच नसतो.

मारामाऱ्यांचंही तसंच. सदैव सावध असलेल्या मुलाला चुकून लागलेला धक्का मुद्दाम मारल्यासारखा वाटतो. आणि एक उलटी बाजूही आहे, जी शाळेत हमखास सुटते. काही मुलं अशा काळात एकदम गुणी होतात. वही सुबक, बोलणं कमी, बाईंना मदत करायला सर्वांत पुढे. घरी आणखी एक कटकट नको म्हणून ती स्वतःला आकसून घेतात. मला मारामारी करणाऱ्यापेक्षा यांची जास्त काळजी वाटते, कारण यांच्याबद्दल कुणी विचारायलाच येत नाही.

अशा मुलांचं पुढे काय होतं, यावर दोन मोठी कामं आहेत आणि दोन्हींचा शाळांमध्ये गैरवापर होतो. पहिलं, व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचं बालपणीच्या कटू अनुभवांवरचं काम. त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये आले आणि एकूण सतरा हजारांहून जास्त प्रौढांची माहिती त्यात होती. लहानपणी असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी आजार आणि व्यसनं जास्त, असं त्यातून दिसलं. पण हा हिशेब समूहाचा आहे. एका मुलाचे असे अनुभव मोजून ‘याचं चार आलंय, हा धोक्यात’ असं म्हणण्यासाठी तो नाही. खुद्द अँडा यांनीच सहकाऱ्यांसह २०२० मध्ये तसं लिहून बजावलंय. दुसरं काम एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांचं. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी काही दशकं मागोवा घेतला. त्यांतली जी मुलं गरिबी, घरातलं आजारपण, भांडणं अशा अनेक अडचणींत वाढली, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम माणसं झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे किमान एका मोठ्या माणसाशी टिकलेलं नातं. ते माणूस आई किंवा वडीलच होतं असं नाही. कधी आजी, कधी शेजारी, आणि बऱ्याचदा शिक्षक. यावरून ‘मुलं आपोआप सावरतात’ असा सोयीचा अर्थ काढू नका. सावरलेल्यांच्या मागे कुणीतरी उभं होतं, आणि उरलेले दोन तृतीयांशही त्याच बेटावरचे होते.

तर पहिलं काम, त्याच्याशी बोलणं. इथे बहुतेकांची गाडी सुरुवातीलाच अडते, कारण बोलावणं होतं ते चूक पकडल्यावर, शिक्षकांच्या खोलीत, दोन सहकारी कान देऊन बसलेले असताना. त्याऐवजी काहीच बिघडलेलं नसेल असा दिवस निवडा. वह्यांचा गठ्ठा उचलायला त्याला सोबत घ्या. चालता चालता, शेजारी शेजारी, डोळ्यांत डोळे न घालता मुलं जास्त बोलतात, मोठी मुलं तर नक्कीच. आणि ‘घरी काय चाललंय?’ असं विचारू नका. दुसऱ्या पालकांकडून ऐकलेलं तर अजिबात काढू नका. आपल्या घराची चर्चा होतेय हे कळलं की ते मूल कायमचं मिटतं. जे तुम्ही स्वतः पाहिलंय तेवढंच बोला. ‘दोन आठवडे बघतेय, पहिल्या तासाला तुझे डोळे मिटतात आणि हल्ली तू पटकन चिडतोस. मी रागावलेली नाही. काही जड जात असेल तर आपण शाळेतलं थोडं हलकं करू शकतो.’ आणि मग गप्प बसा. खरोखर गप्प. तो ‘काही नाही, बाई’ म्हणेल. म्हणू दे. ‘बरं. मी गुरुवारी परत विचारीन,’ एवढं म्हणा आणि गुरुवारी विसरू नका. बहुतेक मुलं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेला बोलतात, कारण पहिल्या खेपेला ती फक्त तुम्ही परत येता का ते बघत असतात.

त्याचं ‘काही नाही’ हे खोटं बोलणं समजू नका. घरातलं बाहेर सांगणं म्हणजे आई-बाबांना उघडं पाडणं, असं त्याला वाटतं. ही निष्ठा आहे आणि तिचा मान ठेवायचा. म्हणून त्याच्यासमोर वडिलांबद्दल वाईट शब्द नको, आईबद्दल कीवही नको. आणि एक वचन कधीच देऊ नका, ते म्हणजे ‘मी कुणालाच सांगणार नाही.’ आधीच सांगा, ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल, किंवा तू स्वतःला करशील असं वाटलं, तर मला मदत बोलवावी लागेल, आणि तेव्हा तुला सांगूनच बोलवीन.’ ऐकायला कोरडं वाटतं, पण मुलांना हे बरोबर कळतं. बाकी बाबतीत त्यालाच विचारा, ही गोष्ट आणखी कोणत्या शिक्षकांना कळलेली चालेल? स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा आणि ते गांभीर्यानं घेतलं जाण्याचा हक्क बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं बारावं कलम मुलांना देतं. शाळेत तो पाळायची सुरुवात अशा साध्या प्रश्नापासूनच होते.

दुसरं काम म्हणजे रोजची गाठ. सकाळी आल्यावर दोन मिनिटं, जाताना दोन मिनिटं, एकाच ठरलेल्या माणसाशी. अनेक शाळांत ही रीतसर पद्धत म्हणून वापरतात. सोबत खिशात मावेल असं एक छोटं कार्ड, त्यावर दिवसाच्या दोन-तीनच गोष्टी: वेळेवर आलो, पहिल्या दोन तासांचं लिहिलं, सुट्टीत हात उचलला नाही. सकाळी विचारायचं ते ‘झोप किती झाली? काही राहिलंय का? पेन आहे?’ एवढंच. संध्याकाळी कार्ड बघायचं, जे जमलं त्याचं नाव घेऊन बोलायचं, जे नाही जमलं त्यावर प्रवचन नाही. हे माणूस वर्गशिक्षकच हवं असंही नाही. ग्रंथपाल, क्रीडाशिक्षक, कार्यालयातले कुणी, मूल ज्यांच्याकडे आपणहून घुटमळतं ते. अट एकच, ते रोज असायला हवेत. तुम्ही उद्या रजेवर असाल तर आज सांगा, आणि उद्या कोण भेटेल तेही सांगा. न सांगता बुडालेली एक सकाळ अशा मुलाला फार महाग पडते. माणसं अचानक नाहीशी होतात, हे तो घरी शिकतच असतो.

अभ्यासाच्या सवलतीबद्दल माझं मत ठाम आहे. ‘राहू दे रे तुला’ ही सवलत नव्हे. त्यातून मुलाला एवढंच कळतं की आता याच्याकडून कुणाला काही अपेक्षा उरलेली नाही. सवलत मोजून द्या, तारीख घालून द्या. दहा गणितांऐवजी चार, पण काठिण्य तेच. निबंध घरी लिहायच्या ऐवजी शाळेतच मोकळ्या तासाला. पाठांतराच्या चाचणीला तीन दिवस जादा. आणि ‘हे आपण महिनाअखेरीपर्यंत करतोय, मग परत बघू.’ कामाचं प्रमाण कमी करा, काम बंद करू नका. बाकीची मुलं बोलतील ही भीती शिक्षकांना मुलांपेक्षा जास्त असते. उजव्या हाताला प्लॅस्टर असलेल्या मुलाला लिहायला लावत नाहीत, यावर कुठलाही वर्ग तक्रार करत नाही. ‘ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्याला मिळतं, तुला लागलं तर तुलाही मिळेल’ एवढं सांगून विषय संपवा. कारण सांगायची गरज नाही, आणि हक्कही नाही.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. खेळाचा तास, संघातली जागा, कार्यक्रमातलं काम, फळा पुसण्याची जबाबदारी. शाळा नेमकं उलटं करतात. अभ्यास राहिला की खेळ बंद. त्या मुलाला दिवसभरात जिथे तो अजून चांगला ठरतो अशी बहुधा तेवढीच जागा उरलेली असते.

वागण्याच्या मर्यादा मात्र ढिल्या करायच्या नाहीत. ‘राग आलाय हे कळतंय. मारणं चालणार नाही,’ ही दोन वाक्यं याच क्रमानं आणि शांत आवाजात. शिक्षा इतरांना होते तीच, फक्त चारचौघांत नको. घरच्या परिस्थितीमुळे मुलाला सगळं माफ झालं की त्यालाच असुरक्षित वाटू लागतं. मोठ्यांचा ताबा शाळेतही सुटला, असा तो अर्थ लावतो. आणि हो, त्याचं एखादं भावंड याच शाळेत असेल तर ते कुठल्या वर्गात आहे ते आजच बघा. एकाच घरातल्या दोघांपैकी एकावर सगळ्यांचं लक्ष आणि दुसऱ्याचा कुणाला पत्ताच नाही, असं सर्रास होतं.

आता आईकडे येऊ. दहा मिनिटांत उठून गेली याचा तुम्हाला राग आलेला दिसतोय. तिच्या जागी बसून बघा. शाळेतून बोलावणं येतं ते तक्रारीसाठीच, हा बहुतेक पालकांचा अनुभव. टेबलापलीकडे दोघं-तिघं, अलीकडे ती एकटी. समोर वह्यांचा पुरावा मांडलेला. ‘घरी काही प्रॉब्लेम आहे का?’ या प्रश्नात तिला ऐकू येतं ते ‘तुम्ही कमी पडताय का?’ अशा वेळी ‘सगळं ठीक आहे’ हेच उत्तर येणार. तिला लाज वाटते, आणि ही गोष्ट कुठवर जाईल याची खात्री नसते. नोकरी गेल्याचं ज्या पालकांनी तुमच्यापर्यंत पोचवलं, ती भीती त्यांनीच खरी करून दाखवलीय.

पुन्हा संपर्क करताना फोन करा. वहीत किंवा डायरीत लिहून मुलाच्या हाती पाठवू नका, ते तो वाटेत वाचणार आणि घरी भांडणाला नवं निमित्त मिळणार. फोनवर आधी विचारा, आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का? मग एक खरी चांगली गोष्ट सांगा. रचलेली नको, पालकांना ती लगेच ओळखू येते. मग तुम्ही पाहिलेली एकच गोष्ट. मग तुम्ही शाळेत काय करताय ते. आणि शेवटी एकच विनंती, तीही तिला आज रात्री जमेल अशी. साधारण असं: ‘काल त्यानं पहिलीतल्या रडणाऱ्या मुलाला हात धरून वर्गात पोचवलं, मला फार आवडलं. सकाळी मात्र त्याला झोप आवरत नाही असं दिसतंय. मी त्याला सध्या घरचा अभ्यास कमी देतेय, तेव्हा रात्री वही अपुरी राहिली तरी चालेल, त्याला लवकर झोपू द्या. काही वेगळं करायला हवं असेल तर मला कधीही कळवा.’ बस. घरचं काही विचारलं नाही, सल्ला दिला नाही, उलट तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवलं. पुढच्या फोनला ती आपणहून बोलण्याची शक्यता यानं बरीच वाढते. आणि शाळेकडून फोन एकाच माणसाचा जावा. वर्गशिक्षक, गणिताचे सर आणि कार्यालय, तिघांनी एकाच आठवड्यात फोन केले तर चौथा कुणी उचलत नाही.

आई-वडील वेगळे होत असतील तर शाळेनं कुणाची बाजू घ्यायची नाही. न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर प्रगतिपुस्तक, सूचना, सभेचं बोलावणं दोघांना सारखंच जावं. निरोप मुलाकरवी नकोत. पालकांनाही हे सांगण्यासारखं आहे, की आई-वडील वेगळे होण्यापेक्षा मुलाला जास्त पोखरतं ते त्याच्यादेखत चालणारं, न मिटणारं, त्यालाच मधे ओढणारं भांडण. मार्क कमिंग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून आणखी एक उपयोगी गोष्ट पुढे आलीय. भांडण मिटलेलं मुलांना दिसलं तर त्याचा त्रास बराच कमी होतो. म्हणजे मुलांसमोर वाद झालाच, तर समेटही बंद दाराआड न करता त्यांच्यासमोर करावा.

हे वाचणाऱ्यांत पालकही असतील, त्यांच्यासाठी थोडं. मुलांपासून लपवून काही लपत नाही. ती फक्त अर्धवट ऐकतात आणि उरलेलं मनानं भरतात. ते बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं, आणि त्यात दोष स्वतःचा असतो. ‘मी तेव्हा हट्ट केला म्हणून बाबा गेले’ असं सातवी-आठवीतली मुलंसुद्धा मनात धरून बसतात. म्हणून वयाला झेपेल एवढं खरं सांगा. काय झालंय, त्यामुळे तुझं काय बदलेल, काय बदलणार नाही, आणि यात तुझी चूक नाही. ‘बाबांचं काम सुटलंय. काही महिने पैसे जपून वापरावे लागतील, सहलीला यंदा जमणार नाही. शाळा हीच राहील, घर हेच राहील. आम्ही दोघं सध्या चिडतो, ते पैशांच्या काळजीनं. तुझ्यामुळे नाही. हे निस्तरायचं काम मोठ्यांचं आहे.’ शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. थोरल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून सगळं दुःख सांगण्याचा मोह होतो, कारण ऐकणारं दुसरं कुणी नसतं. ते माणूस शोधा, पण ते तुमचं मूल नसावं. झोपायची वेळ, जेवायची वेळ आणि शाळेत जाणं, हे तीन खांब धरून ठेवता आले तर बाकी विस्कळीत झालं तरी चालेल. आणि शाळेला चार ओळी लिहा. सगळी हकिगत सांगायची गरज नाही. ‘घरी गंभीर आजारपण आहे, आणखी दोनेक महिने चालेल. सकाळी कधी उशीर होईल. तिला सगळं माहीत आहे. वर्गात तिला याबद्दल विचारू नये’ एवढ्यानं शाळेचं वागणं बदलतं.

मृत्यूबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे मोठ्यांचीच जीभ अडखळते. ‘झोपले’, ‘लांब गेले’ असे शब्द लहान मुलांशी वापरू नका. ती शब्दशः घेतात आणि मग झोपायला घाबरतात, किंवा वाट बघत बसतात. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करायचं थांबतं, आणि हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजू लागतात. स्पीस आणि ब्रेंट यांनी १९८४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासून हे मांडलं. त्याआधीच्या वयात तोच प्रश्न शंभरदा येतो, आणि तेच उत्तर शंभरदा द्यावं लागतं. मुलं रडता रडता उठून खेळायला जातात. त्याला ‘याला काहीच वाटत नाही’ असं समजू नये. दुःखात जाणं आणि बाहेर येऊन रोजचं जगणं, अशी ये-जा मोठ्यांचीही होते. श्ट्रोबे आणि शुट यांनी १९९९ मध्ये शोकाचं जे वर्णन मांडलं त्याचा गाभाच हा आहे. मुलांची ये-जा जास्त भराभर होते, एवढंच.

शाळेत परतण्याचा पहिला दिवस आधी ठरवून घ्या. वर्गाला काय सांगायचं हे मुलाला विचारा, आणि ते त्याच्या गैरहजेरीत सांगा. वर्गमित्रांना एक वाक्य देऊन ठेवा, ‘तू आलास, बरं वाटलं,’ कारण काय बोलावं न कळून मुलं टाळतात आणि ते टाळणं फार लागतं. रडू आलं तर न विचारता बाहेर जाता येईल असं कार्ड आणि बाहेर बसायची ठरलेली जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिनदर्शिकेत तारखा टिपून ठेवा: गेलेल्या माणसाचा वाढदिवस, वर्षदिन, आई किंवा वडिलांसाठी भेटकार्ड बनवण्याचा उपक्रम. सुरुवातीचे पंधरा दिवस सगळेच विचारपूस करतात. तिसऱ्या महिन्यात कुणी नसतं, आणि तोच काळ कठीण असतो. वर्ग बदलला की ही टिपणं पुढच्या शिक्षकांकडे गेलीच पाहिजेत. दर जूनमध्ये मुलाला आपलं दुःख नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागणं हा अन्याय आहे.

मूल शाळेत यायलाच तयार नसेल तर ‘का?’ याचं उत्तर आधी शोधा. कीर्नी आणि सिल्व्हरमन यांनी १९९० मध्ये चार कारणं मांडली आणि ती आजही कामाला येतात: शाळेतल्या कशानं तरी होणारा त्रास टाळणं, चारचौघांत बोलणं किंवा परीक्षा टाळणं, घरच्या माणसाजवळ राहणं, किंवा बाहेर काहीतरी जास्त मजेचं मिळणं. घर अडचणीत असताना तिसरं कारण फार दिसतं. मूल घरी राहतं ते आईवर पहारा ठेवायला. आपण नसताना ती पडेल, जाईल, कुणी मारेल, ही धास्ती. त्याला ‘घाबरू नको’ सांगून भागत नाही. मधल्या सुट्टीत आईला एक फोन करायची ठरलेली परवानगी दिली की अशी मुलं पुष्कळदा दुसऱ्याच आठवड्यात वर्गात टिकू लागतात. दोन तास का होईना, रोज येऊ द्या. पूर्ण खंड जितका लांबेल तितकं परतणं अवघड होतं.

एखादी घटना सगळ्या शाळेलाच हादरवते. अपघात, पूर, विद्यार्थ्याचा मृत्यू. तेव्हा सगळ्यांना गोल बसवून ‘काय वाटलं ते बोला’ असं लगेच करायची घाई होते. सक्तीच्या अशा एकाच बैठकीनं पुढचा मानसिक त्रास टळतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही, काहींना त्यानं त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला आत्ता काय हवंय ते पाहा, जो बोलेल त्याचं ऐका, आणि त्याला त्याच्या माणसांशी, गरजेप्रमाणे सेवांशी जोडून द्या. न बोलणाऱ्याला बोलतं करायचं नाही.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. ‘जगून काय करायचं’ असं बोलणं किंवा लिहिणं, अंगावर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. असं दिसलं तर सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा प्रश्न विचारल्यानं त्रास किंवा असे विचार वाढलेले दिसले नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना आणि मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांना गाठा, आणि घरातली औषधं, विषारी द्रव्यं, धारदार वस्तू कुलपात ठेवायला सांगा. घरी मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तपास तुम्ही करायचा नाही. मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही. त्यानं वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि कायद्यानं नेमलेल्या यंत्रणेकडे त्याच दिवशी जा. संशय घरातल्याच माणसावर असेल तर ‘आधी घरी विचारून बघू’ हे मुळीच करू नका.

तुमच्या विद्यार्थ्याबाबत यातलं काही दिसत नाही, तरी नजर असू द्या. या आठवड्यात एवढंच करा: वह्यांचा गठ्ठा घेऊन त्याच्यासोबत चाला, सकाळ-संध्याकाळची दोन मिनिटं सुरू करा, गणितं चार करा, आईला तो फोन लावा. सहा आठवड्यांनी कार्डं एकत्र ठेवून बघा. काहीच हललेलं नसेल, किंवा झोप, भूक, वजन यांत बदल दिसत असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन त्याला बालमानसतज्ज्ञांकडे पाठवा. आणि हललं, घर थोडं सावरलं, तर सगळे आधार एकदम काढून घेऊ नका. आधी संध्याकाळची भेट थांबवा, मग कार्ड, मग सकाळची भेट रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी त्याला आधी विचारून. काही मुलं बंद करायला नको म्हणतात. त्यांना अजून महिनाभर येऊ द्या.